डाव्या चाकाचा करार

मोशीच्या श्रमसाफल्य सोसायटीच्या तळघरात भीमराजची कॉन्टेसा आठ महिने अडकून पडली होती, आणि अडकलेल्या अवस्थेतच ती नाशिकला जाऊन आली होती.

ज्यांना ही थाप वाटते त्यांनी गाडीचा मीटर बघावा. दर रविवारी सकाळी भीमराज आणि त्याची बायको गोजाबाई तयार होऊन लिफ्टने खाली उतरत, गाडीत बसत आणि खांबांभोवती एकशेवीस फेऱ्या मारत. एक फेरी नव्वद मीटरची. गोजाबाई डबा घ्यायची, थर्मास घ्यायची, वाऱ्याने केस उडू नयेत म्हणून रुमाल बांधायची. मीटरकडे बघून ती म्हणे, "अहो, मंचर आलं, थांबवा." मग चौदा नंबरच्या खांबाशी गाडी थांबायची आणि दोघं चहा प्यायची. नारायणगावला त्यांनी डब्यातली मिसळ खाल्ली. संगमनेरच्या पुढे गोजाबाईला गाडी लागली, तेव्हा तिला बारा नंबरच्या खांबाला टेकवून बसवावं लागलं.

गाडी खाली गेली तेव्हा वर येण्याचा उतार खडबडीत सिमेंटचा होता. मग सोसायटीच्या कमिटीला हौस आली. तिने उताराला हिरवा गुळगुळीत रंग दिला आणि वळणावर पाणी वाहून जावं म्हणून एक तिरकी पन्हळ खोदली. पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या आजकालच्या छोट्या गाड्या टुणकन वर जात. कॉन्टेसा पडली अठ्ठ्याऐंशी सालची, मागच्या चाकांनी ढकलणारी. ती रुबाबात वळणापर्यंत यायची, पन्हळीवर मागचं डावं चाक गरगरा फिरायला लागायचं, उजवं ढिम्म उभं राहायचं, आणि गाडी सासरी निघालेल्या लेकीसारखी मागे बघत बघत परत खाली यायची.

दोर लावून ओढली, तर उतार चकलीसारखा वळलेला. दोर भिंतीला घासून तुटला. क्रेन आणली, तर तिचं डोकं छताला लागलं. शेवटी सोळा माणसांनी ढकलली. हिरव्या रंगावरून सोळाही जण बसल्या बसल्या, ओळीने, घसरत खाली आले आणि खाली पोचल्यावर आपापल्या जागी बसूनच त्यांनी एकमेकांना नमस्कार केला.

त्यानंतर कमिटीची नोटीस आली. गळतीच्या कामासाठी तळघर तीस तारखेपासून दोन वर्षं बंद. तोपर्यंत कॉन्टेसा आपल्या पायांनी वर आली तर ठीक, नाहीतर गॅसकटरने तिचे तुकडे करून पोत्यांतून वर आणण्यात येतील. पोती गाडीमालकाने आणावीत.

भीमराजने नोटीस दोनदा वाचली आणि घडी घालून खिशात ठेवली. गोजाबाईने एवढंच विचारलं, की मग जुन्नरचं काय. जुन्नरची लेणी या गाडीतून दाखवीन असा शब्द त्याने तिला दिला होता. तळघरातून जाताना जुन्नरचा फाटा दोनदा लागला होता, पण लेणी काही दिसली नव्हती.

दुखणं कुठे आहे हे भीमराजला पाठ होतं. त्याने पिंपरीच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं गिअर कापले होते. मागच्या दोन चाकांच्या मधोमध डिफरन्शियल बसतो. वळणावर बाहेरचं चाक जास्त पळतं, आतलं कमी. ती मुभा तो देतो. पण स्वभावाने भोळा. जे चाक घसरेल त्याच्यामागे तो सगळा धावतो, आणि जे जमीन धरून उभं आहे त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. यावर औषध म्हणजे लिमिटेड स्लिप, घसरण्यालाही हद्द घालणारा डिफरन्शियल.

औषधं तीन होती. पहिलं भिवाचं. कुरुळी फाट्यावर भिवाचं वर्कशॉप होतं आणि जगातल्या कुठल्याही दुखण्यावर त्याच्याकडे वेल्डिंग होतं. त्याचं म्हणणं, आतले गिअर वेल्ड मारून एकजीव करू, दोन्ही चाकं जन्मभर बरोबर फिरतील. फक्त गाडीने मग वळायचं नाही. दुसरं प्लेटवाल्याचं. आत स्प्रिंगने दाबलेल्या प्लेटा असतात, त्या दोन्ही चाकांना कायम थोडंथोडं बांधून ठेवतात. काम चोख, पण प्लेटा झिजतात, वळणावर कुरकुरतात, आणि गिअर कापणाऱ्या माणसाला त्यात मिरवण्यासारखं काही नाही.

तिसरं गिअरवाल्याचं. तिरक्या दात्यांचे सहा छोटे गिअर एकमेकांना असे कवटाळतात, की घसरणाऱ्या चाकाला जेवढी पकड असेल तिच्या तिप्पट ताकद दुसऱ्या चाकाला मिळते. झीज नाही, कुरकुर नाही. हे सहा गिअर भीमराजकडे तयार होते. निवृत्तीनंतर दोन वर्षं भिवाच्या जुन्या मशीनवर त्याने ते स्वतः कापले होते आणि तेलकट कागदात गुंडाळून गोजाबाईच्या लुगड्यांच्या कपाटात ठेवले होते. एका लुगड्याला तेल लागलं होतं. त्याबद्दल घरात अजून बोलणं चालू होतं. एकतीस वर्षांत त्याने कापलेले गिअर हजारो गाड्यांतून गेले, पण त्यातल्या एकाही गाडीत तो कधी बसला नव्हता. आपल्या गाडीत आपले दाते फिरावेत, एवढंच त्याच्या मनात होतं.

महाळुंग्याच्या एका कंपनीचं मोठं काम घेतल्यामुळे भिवाकडे तीस तारखेआधी एकच जोडणी करण्यापुरता वेळ होता. म्हणजे निवड एकदाच, आणि चुकली तर पोती.

भीमराजने गुपचूप आपले गिअर काढून भिवाच्या हातात ठेवायला हवे होते. पण कारखान्याची सवय. तिथे मशीनचा एक नट बदलायचा तरी सगळ्या खात्यांच्या सह्या लागत. त्याने कागदावर तीन रकाने आखले, वेल्डिंग, प्लेट आणि गिअर, आणि 'कृपया सही करावी' असं लिहून कागद सोसायटीच्या फळ्यावर लावला. संध्याकाळी बघतो तर एकही सही नाही. खाली लाल पेनने मात्र एक ओळ होती: डाव्या चाकाला विश्वासात घेतले आहे काय?

अक्षर रंगरावाचं होतं. रंगराव कुरुळीचा, चौथ्या मजल्यावरचा, वजन अठ्ठ्याण्णव किलो, त्यातला बराचसा आवाज. चाळीस वर्षं त्याने कामगार संघटना चालवली आणि चाकणपर्यंतच्या पट्ट्यात शेकडो माणसं पर्मनंट करून घेतली. स्वतः मात्र कधी पर्मनंट झाला नाही. तरुणपणी कायम व्हायला आठवडा राहिला असताना त्याने गेटवर घोषणा दिली आणि तो गेटबाहेरच राहिला. पहिल्या मजल्यावर ज्योतीराम राहायचा, लातूरकडून आलेला, निवृत्त पर्सोनेल ऑफिसर. वीस वर्षं हे दोघं टेबलाच्या दोन बाजूंना बसून भांडले होते. निवृत्तीनंतर दोघांनाही भांडायला काही उरलं नव्हतं, त्यामुळे दोघांचीही साखर वाढली होती.

त्या एका लाल ओळीने दोघांची साखर उतरली.

दुसऱ्या दिवशी तळघरातल्या टेबलटेनिसच्या टेबलावर बैठक बसली. रंगरावाने मांडलं, की डावं चाक आठ महिने एकटं राबतंय आणि उजवं नुसती हजेरी लावून उभं आहे. ज्योतीरामने शांतपणे उत्तर दिलं, की जागच्या जागी गरगरण्याला उत्पादन म्हणत नाहीत. उजवं चाक संयमाने जमीन धरून आहे, त्याची सेवापुस्तिका स्वच्छ आहे. भीमराज म्हणाला, अरे, ही चाकं आहेत. त्यावर दोघांनीही त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने टेबलावरची पाण्याची बाटली उघडून पाणी प्यायलं.

प्रश्न शेवटी टक्क्यांवर आला. लिमिटेड स्लिपमध्ये दोन चाकं एकमेकांना किती टक्के बांधून ठेवायची हे आधी ठरवावं लागतं, हे भीमराजने चुकून बोलून दाखवलं होतं. टक्के हा शब्द कानावर पडताच दोघांनी बाह्या सरसावल्या. रंगरावाने साठ मागितले. ज्योतीराम वीसवरून हलेना, आणि मॅनेजमेंटला विचारून सांगतो म्हणाला. मॅनेजमेंट म्हणजे भीमराज. तो समोरच बसला होता, पण त्याला पत्र आलं तीन दिवसांनी.

चौदा तारखेला रंगरावाने डाव्या चाकाचा संप पुकारला. सकाळी भीमराज खाली गेला तर कॉन्टेसा मागून विटांवर टेकलेली, आणि चाक चौदा नंबरच्या खांबाशी छोट्या मांडवात, गळ्यात हार घालून बसलेलं. त्याचं बेमुदत उपोषण सुरू होतं. रोज त्यातली दोन पौंड हवा सोडायची. रोज सकाळी हवा मोजायचा काटा लावून रंगराव फळ्यावर प्रकृतीचं पत्रक लावी: आज सव्वीस, प्रकृती नाजूक पण निर्धार कायम. वरच्या मजल्यांवरच्या बाया येता-जाता चाकाची विचारपूस करू लागल्या. एकीने तर उपास सोडायला लिंबूपाणी आणून ठेवलं.

ज्योतीरामनेही हात बांधून घेतले नव्हते. समतोल दिसावा म्हणून त्याने उजव्या चाकालाच कारणे दाखवा नोटीस दिली: आपण आठ महिने जागचे हलला नाहीत, याबाबत अठ्ठेचाळीस तासांत लेखी खुलासा करावा. खुलासा आला नाही. उजव्या चाकाचा हा उर्मटपणा दोन्ही बाजूंना सारखाच खटकला, आणि त्या मुद्द्यावर त्यांचं पहिल्यांदा एकमत झालं.

एकवीस तारीख उजाडली. चाक बारा पौंडांवर आलं होतं. भीमराज भंगारवाल्याकडून आठ पोती घेऊन आला आणि त्याने ती कपाटाखाली सरकवली. गोजाबाईने पोती पाहिली. तिने विचारलं, की वळणावर चाक फिरतं तेव्हा त्याच्याखाली काय असतं, हे कुणी वाकून पाहिलंय का. भीमराज म्हणाला, पाहायचं काय, खाली रंग आहे. पण त्याच्या लक्षात आलं, की तो स्वतः कायम स्टिअरिंगवर असतो, वळणावरचा दिवा वर्षभर गेलेला आहे आणि बाकीचे धूर नाकात जाऊ नये म्हणून वीस फूट लांब उभे राहतात.

दुसऱ्या दिवशी संयुक्त पाहणी ठरली, भिवालाही बोलावलं. तेवढ्यापुरतं चाक हंगामी कामावर आलं. हवा भरली, चाक जोडलं, गाडी वळणापर्यंत चढली आणि नेहमीसारखी अडकली. उजवं चाक ढिम्म, डावं भिरभिर. भीमराजने हँडब्रेक ओढून गाडी धरली. गोजाबाई सगळ्यांसाठी चहा घेऊन आली होती. तिने बशीत चहा ओतला, पदर खोचला, वाकली आणि चहाने भरलेली बशी डाव्या चाकाखाली पन्हळीत सरकवली.

"आता फिरवा," ती म्हणाली.

भीमराजने क्लच सोडला आणि हँडब्रेक जरासा ढिला केला. चाकाने भिंगरीसारख्या शंभर चकरा घेतल्या. मोबाइलच्या उजेडात सगळे पाहत होते. बशी फुटली नाही, सांडलीही नाही. चहावर धरलेली साय होती तशीच राहिली.

चाक घसरत नव्हतंच. तिरक्या पन्हळीवर गाडी पिळवटायची आणि ते दोन बोटं हवेत उचललं जायचं.

खाली उतरून भीमराजने तळवा चाकाखालून आरपार घातला आणि तो बराच वेळ तसाच बसून राहिला. बाकीच्यांना वाटलं, कंबर धरली. तो हिशेब करत होता, आणि हिशेब फार सोपा होता. त्याचे गिअर घसरत्या चाकाच्या पकडीची तिप्पट करतात. हवेतल्या चाकाला पकडच नाही. शून्याची तिप्पट केली तरी शून्यच. प्लेटा मात्र स्प्रिंगने आधीच दाबलेल्या असतात. चाक जमिनीवर आहे की हवेत याची त्या वाट बघत नाहीत.

"प्लेटवाला बसव," त्याने भिवाला सांगितलं.

भिवाने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा गोजाबाईकडे पाहिलं, आणि वेल्डिंगबद्दल पुन्हा विचारलं नाही. त्या दिवशी भीमराज जेवला नाही. गोजाबाईने तेलकट कागदातले सहा गिअर लुगड्यांमधून काढले, मऊ फडक्याने पुसले आणि देवाच्या भांड्यांच्या कप्प्यात नीट मांडून ठेवले. तेलाच्या डागाचा विषय त्या दिवसापासून बंद झाला.

करार चोवीस तारखेला झाला. रंगराव साठवरून पन्नासवर आला, ज्योतीराम वीसवरून तीसवर, आणि मधल्या चाळीसवर दोघंही 'आमची इच्छा नव्हती' म्हणत थांबले. भीमराज म्हणाला, प्लेटांची मांडणी तशीही चाळीसचीच आहे, भिवाने सकाळीच बसवायला घेतलीय. दोघांनी ते ऐकलंच नाही असं केलं. पंधरा कलमांच्या करारात एक कलम रंगरावाने हट्टाने घातलं होतं: चढाईच्या वेळी दोन्ही चाकांचे प्रतिनिधी आपापल्या चाकावरच्या सीटवर हजर राहतील.

एकोणतीस तारखेला सकाळी सोसायटी उताराच्या तोंडाशी जमली. ढोल आला होता, गुलाल आला होता, कारण या पट्ट्यात करार झाला की गुलाल उधळल्याशिवाय कुणाला तो झाल्यासारखा वाटत नाही. कमिटीने गॅसकटरवाल्यालाही बोलावून ठेवलं होतं. तो पेढे खात उभा होता. मागच्या सीटवर डावीकडे रंगराव बसला, तशी गाडी त्या बाजूला वाकून बसली. उजवीकडे ज्योतीराम, मांडीवर फाइल. गोजाबाई गाडीत बसली नाही. वळणावर उभी राहते म्हणाली.

भीमराजने पहिला गिअर टाकला. हिरवा रंग, पन्हळ, वळण. प्लेटा एकदा कुरकुरल्या, आणि दोन्ही चाकांनी मिळून गाडी अशी काही वर ढकलली, की ती उतार संपल्यावरही थोडी हवेत चालली असं पाहणारे सांगतात. वर ऊन होतं. ढोल वाजला. रंगराव आणि ज्योतीराम खाली उतरून गुलालात नाचले आणि नाचता नाचता पुढच्या कराराची तारीख ठरवू लागले. गोजाबाई उतार चढून आली, रुमालाची गाठ पर्समध्ये टाकली आणि पुढच्या सीटवर बसली.

"चला," ती म्हणाली. "जुन्नर."

ती दोघं निघाली. कुरुळीपर्यंत गाडी सुंदर गेली. चाकणच्या चौकाआधी अर्धा कोस कंटेनरची रांग लागली आणि कॉन्टेसा उभी राहिली. दहा मिनिटं गेली, मग पाऊण तास गेला. डावं चाक उभं होतं, उजवं चाक उभं होतं. इतकी बरोबरी रंगरावालाही कधी मिळवता आली नव्हती. गोजाबाईने डबा उघडला. तळघरात एवढ्या वेळात आपण चाकण ओलांडलं असतं, ती म्हणाली.

मग तिने पर्समधून रुमालाची गाठ काढली आणि त्याच्या मांडीवर सोडली. आत बशीचे तुकडे होते.

भीमराजने विचारलं, हे काय. तिने सांगितलं, की आजही तिने बशी त्याच जागी, पन्हळीत ठेवली होती. गाडी वर आली तसा तिचा चुरा झाला.

भीमराजने एक तुकडा उचलून उजेडात धरला. पुढचा कंटेनर चार फूट सरकला. मागच्याने हॉर्न वाजवला. तो हलला नाही. बशी फुटली म्हणजे चाक जमिनीवर होतं. चाक जमिनीवर होतं म्हणजे ते दोन बोटं खाली आलं होतं. प्लेटांनी चाक खाली येत नसतं.

"रंगराव," तो म्हणाला.

"अठ्ठ्याण्णव किलो," गोजाबाई म्हणाली. "डाव्या चाकाच्या बरोबर वर."

"म्हणजे माझे गिअर चालले असते."

"चालले असते. पण मग रंगरावांना त्या सीटवर पर्मनंट करावं लागलं असतं."

भीमराजने तुकडे परत रुमालात बांधले. मग खिशातून फोन काढला, चष्मा लावला आणि रंगरावाला फोन लावला. पलीकडे अजून ढोल वाजत होता. भिवाचं महाळुंग्याचं काम संपलं की गाडीत स्वतःचे गिअर बसवणार असल्याचं त्याने सांगितलं, आणि त्यासाठी मागच्या डाव्या सीटवर एक कायमची जागा निघत असल्याचंही. मोशीत सगळीकडे चढ आहेत, काम भरपूर आहे.

 रंगरावाने कुणाला तरी ढोल थांबवायला सांगितलं. चाळीस वर्षं त्याने दुसऱ्यांसाठी मागणी केली होती, आणि त्याला असं कुणी कधी विचारलं नव्हतं.

"लेखी द्याल न्हवं भीमराजभाऊ?" त्याने शेवटी विचारलं. आवाज अठ्ठ्याण्णव किलोचा वाटत नव्हता.

भीमराज म्हणाला, उद्याच देतो.

"मंग खिडकीची काच चालू पायजे," रंगराव म्हणाला. "बाकी काय मागनं न्हाई."